प्रत्यूष ते अर्का: हवामान अंदाजासाठी महासंगणक आणताना

26 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधान पुण्यात येणार होते. आदल्या दिवशी शहराला पावसाने असं झोडपलं की सभेच्या मैदानात पाणी साचलं आणि दौरा रद्द करावा लागला. त्या दिवशीचं एक काम मात्र दूरदृश्य प्रणालीवरून पार पडलं. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला ‘अर्का’ आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातला ‘अरुणिका’ हे दोन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. खर्च 850 कोटी रुपये. ‘अर्का’ची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप (पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या गणिती क्रिया), ‘अरुणिका’ची 8.24, शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांसाठी 1.9 पेटाफ्लॉपची वेगळी यंत्रणा. सगळं मिळून जवळपास 22. आधीच्या जोडीची, म्हणजे ‘प्रत्यूष’ आणि ‘मिहिर’ यांची, बेरीज 6.8 होती.

बातमीत एवढंच आलं. त्यामागे एक जाडजूड फाईल असते. गरज ठरवायची, पैसा मंजूर करून घ्यायचा, निविदा काढायची, पुरवठादाराला सांभाळायचं, वीज आणि थंडाव्याची सोय करायची, जुन्या यंत्रावरचं सॉफ्टवेअर नव्यावर आणायचं, आणि हे सगळं चालू असताना रोजचा अंदाज एक दिवसही चुकू द्यायचा नाही. या प्रकरणाचे कागद आणि तारखा पाहताना मला एक गोष्ट सतत खटकते. आपण प्रत्येक महासंगणक एक सुटा प्रकल्प म्हणून आणतो. हवामान अंदाजाच्या कामात पाच-सहा वर्षांनी यंत्र बदलावं लागणार हे ते बसवण्याच्या दिवशीच ठरलेलं असतं. तरीही पुढच्या यंत्राची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते.

गरज कशात मोजायची

26 जुलै 2005 चा पाऊस मुंबईकर विसरणं शक्य नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, आणि तिथून तीसेक किलोमीटरच्या आतल्या कुलाब्याला जेमतेम 73. हवामानाचं मॉडेल म्हणजे वातावरणाची समीकरणं सोडवणारा संगणकीय कार्यक्रम; तो पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनाचं गणित करतो. त्या काळच्या जागतिक मॉडेलच्या जाळीत मुंबई, ठाणे आणि रायगडचा मोठा भाग एकाच चौकोनात मावत असे. चौकोनाच्या आत काय चाललंय हे मॉडेल पाहूच शकत नाही. तिथे ते सरासरी धरून चालतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पाचगणी तिथून वीस किलोमीटरच्या आत, पण पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्या खाली. 12 किलोमीटरची जाळी टाकली तर हा सगळा उतार दोन-तीन चौकोनांत संपतो आणि मॉडेलमधला सह्याद्री सपाट होऊन बसतो. त्यातही एखादा ढगांचा समूह मॉडेलला नीट ‘दिसायला’ साधारण सहा ते आठ चौकोनांची रुंदी लागते. म्हणजे 12 किलोमीटरच्या मॉडेलला भरवशाने कळतात ते सत्तर-ऐंशी किलोमीटर आणि त्यावरचेच प्रकार.

म्हणून जाळी बारीक करायची. पण त्याचा हिशेब फार कडक आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की तेवढ्याच क्षेत्रावर चौपट चौकोन होतात. जाळी बारीक झाली की गणिताचं पाऊलही निम्म्या वेळाचं घ्यावं लागतं, म्हणजे पावलं दुप्पट. चौपट गुणिले दुप्पट, आठपट. उंचीचे थर वाढवले तर त्याहून जास्त. शिवाय आता एकच अंदाज पुरत नाही. सुरुवातीची स्थिती थोडीथोडी बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवतात आणि निकाल किती पसरतात ते पाहून शक्यता सांगतात. 1 जून 2018 पासून ‘प्रत्यूष’च्या बळावर हवामान विभागाने 12 किलोमीटर जाळीची अशी 21 सदस्यांची, म्हणजे मॉडेल 21 वेळा चालवणारी, प्रणाली सुरू केली. आधी ती 23 किलोमीटरची होती. एकवीस सदस्य म्हणजे खर्चही एकवीसपट.

आता हा हिशेब खरेदीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. 12 वरून 6 किलोमीटरवर यायचं तर क्षमता आठपट हवी. 6.8 वरून 22 म्हणजे सव्वातीनपट. मग मे 2025 मध्ये जाहीर झालेली 6 किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या यंत्रावर चालते कशी? त्यात जाळीच्या रचनेचा मोठा हात आहे. पुण्याच्या संस्थेने त्यासाठी त्रिकोणी-घनी-अष्टफलकीय पद्धतीची जाळी घेतली. या पद्धतीत ध्रुवांकडे विनाकारण दाटणारे बिंदू कमी होतात, आणि गणिताचा एक मोठा भाग पूर्वीइतकाच ठेवून प्रत्यक्ष बिंदूंची जाळी मात्र बारीक करता येते. युरोपच्या मध्यम पल्ला केंद्राने हीच वाट 2016 मध्ये धरली होती आणि 9 किलोमीटरपर्यंत मजल मारली होती. या प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या जाळीचं श्रेय 850 कोटींच्या कुठल्याही रॅकला, म्हणजे प्रोसेसर भरलेल्या कपाटाला, देता येत नाही. ती पाषाणमध्ये बसून वर्षानुवर्षं कोड लिहिणाऱ्या माणसांची कमाई आहे.

 पेटाफ्लॉपचा आकडा यंत्राच्या कमाल क्षमतेचा असतो. 2018 च्या जूनमध्ये जगातल्या पाचशे वेगवान यंत्रांच्या यादीत ‘प्रत्यूष’ 39 वा आणि ‘मिहिर’ 66 वा आला. त्या चाचणीत ‘प्रत्यूष’ने आपल्या 4 पेटाफ्लॉपपैकी सुमारे 3.76 दाखवले. ती चाचणी मात्र एका ठरावीक प्रकारच्या समीकरणांची असते. हवामानाच्या मॉडेलचा बराच वेळ स्मृतीतून आकडे आणण्यात आणि नोडनोडमध्ये, म्हणजे महासंगणकात जोडलेल्या सुट्या संगणकांमध्ये, निरोप पाठवण्यात जातो. त्याला कमाल क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या आसपास हाती लागले तरी ते बरं मानतात. त्यामुळे निविदेत ‘इतके पेटाफ्लॉप’ ही अट मुख्य ठेवली तर पुरवठादार तो आकडा सर्वात स्वस्तात कसा भरेल हे पाहणार, आणि मॉडेलचा वेग तिथेच राहू शकतो. अट अशी हवी: आमचं हे मॉडेल, ही जाळी, इतके सदस्य, दहा दिवसांचा अंदाज, इतक्या मिनिटांत पूर्ण करून दाखवा.

मिनिटांचा आग्रह का, तेही सांगतो. जगभरची मुख्य निरीक्षणं आपल्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याला घेतली जातात. ती गोळा होऊन, तपासून, मॉडेलमध्ये भरून गणित सुरू व्हायला सकाळ बरीच वर येते. जिल्ह्याजिल्ह्यांचे इशारे दुपारच्या सुमाराला निघायला हवेत. ‘प्रत्यूष’वर दहा तासांपर्यंत चालणारं काम ‘अर्का’ चार तासांत उरकतो, असं लोकार्पणानंतर सांगण्यात आलं. समजा गणित साडेआठला सुरू झालं. दहा तास लागले तर निकाल संध्याकाळी साडेसहाला येणार, चार लागले तर साडेबाराला. चिपळूणच्या तहसीलदाराच्या हाती दुपारी इशारा असणं आणि अंधार पडल्यावर असणं यात किती फरक आहे, हे कोकणात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

विकणारी कंपनी तीच राहत नाही

आता विक्रेत्यांकडे येऊ. या इतिहासात मला एक विलक्षण सलग धागा दिसतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

1980 च्या दशकात भारताने हवामानासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा दोन प्रोसेसरचा एक्स-एमपी 24 मागितला. हे यंत्र अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांच्या गणितालाही वापरता येईल या शंकेने बरीच घासाघीस झाली. अखेर एकच प्रोसेसर असलेला एक्स-एमपी 14 मिळाला, तोही बंधनं घालून. त्याच यंत्रासाठी 1988 मध्ये मध्यम पल्ला केंद्र उभं राहिलं. त्याच वर्षी पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ हा देशी महासंगणक आला. ती कथा मराठी वाचकांना ठाऊक आहे. पुढे काय झालं ते मात्र कमी जणांना माहीत असेल: ज्या क्रे रिसर्चने ते यंत्र दिलं, ती कंपनी 1996 मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सने गिळली.

2013 मध्ये पुण्यात ‘आदित्य’ आला, तो आयबीएमचा आयडेटाप्लेक्स. नोएडाचा ‘भास्कर’ही त्याच घराण्यातला. 2014 मध्ये आयबीएमने त्या प्रकारच्या सर्व्हरचा अख्खा व्यवसाय चीनच्या लेनोव्होला विकून टाकला. 2018 मध्ये ‘प्रत्यूष’ आणि ‘मिहिर’ आले, दोन्ही क्रे एक्ससी 40. ही क्रे म्हणजे मधल्या काळात हात बदलून पुन्हा उभी राहिलेली कंपनी. 2019 मध्ये ती एचपीईने (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझने) विकत घेतली. मग फ्रान्सच्या अ‍ॅटोसच्या घरातली यंत्रं निवडली गेली, बुलसेक्वाना एक्सएच 2000 प्रकारची, एएमडीच्या एपिक प्रोसेसरवर चालणारी. अ‍ॅटोसने 2023 मध्ये हा विभाग एव्हिडेन नावाने वेगळा केला. 2024 मध्ये स्वतः अ‍ॅटोस कर्जाच्या डोंगराखाली सापडली आणि फ्रान्समध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली तिची आर्थिक पुनर्रचना झाली. जुलै 2025 मध्ये महासंगणकांचा हा व्यवसाय फ्रेंच सरकारने विकत घेण्याचा करार झाला.

चार पिढ्या, आणि चारही वेळा यंत्र वापरात असताना विक्रेत्याची मालकी बदलली किंवा डळमळली. याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. महासंगणक बनवणारे जगात मोजके आहेत, नफा कमी, ऑर्डर मोठ्या आणि विरळ. असे धंदे हात बदलतच राहणार. म्हणून करार लिहितानाच गृहीत धरायला हवं की सही करणारी कंपनी यंत्र निवृत्त होईपर्यंत त्याच रूपात असणार नाही. सुटे भाग आवारातच साठवायचे. वॉरंटीची हमी बँकेच्या कागदावर घ्यायची, आणि कंपनीची विक्री झाली तर जबाबदारी आपोआप नव्या मालकावर जाईल असं कलम घालायचं. स्थानिक अभियंते आधीच तयार करून ठेवायचे, म्हणजे परदेशातला माणूस विमानात बसेपर्यंत रॅक बंद पडून राहणार नाही. निविदेत उलाढालीची अट असते, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. ते सगळं मागे वळून पाहणं झालं. कंपनीवर कर्ज किती आणि ते कधी फेडायचं आहे, हा प्रश्न त्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

पैसा आणि नियम

‘प्रत्यूष-मिहिर’चा खर्च 438.9 कोटी होता, नव्या जोडीचा 850 कोटी. ढोबळ हिशेबाने पेटाफ्लॉपमागे 64-65 कोटींवरून 39 कोटींवर आलो. पण 2018 च्या जानेवारीत डॉलर 64 रुपयांच्या आसपास होता आणि 2024 च्या सप्टेंबरात 83-84. डॉलरमध्ये मोजलं तर पेटाफ्लॉपची किंमत निम्म्याहून खाली आली. रुपयाच्या घसरणीने त्यातला बराच लाभ खाल्ला. ज्या वस्तूचा बहुतेक भाग आयात होतो, तिच्यासाठी मंजुरी मागताना विनिमय दराची तरतूद वेगळी दाखवली नाही तर दर वाढताच यंत्र छोटं करावं लागतं किंवा फाईल पुन्हा वर पाठवावी लागते.

सरकारी खरेदीचे नियम वाईट नाहीत. 2017 चे सामान्य वित्तीय नियम वाचले तर त्यात शहाणपण बरंच आहे. तांत्रिक आणि आर्थिक लिफाफे वेगळे, बयाणा रक्कम, कामगिरीची बँक हमी. खासगी कंपनीला आगाऊ रक्कम द्यायची तर 30 टक्क्यांपर्यंत, तीही हमी घेऊन. जुलै 2020 मध्ये त्यात भर पडली की आपल्या भूसीमेला लागून असलेल्या देशांच्या बोलीदारांनी आधी नोंदणी करून मंजुरी घ्यायची. त्यामुळे आधीच मोजकं असलेलं विक्रेत्यांचं वर्तुळ आणखी लहान झालं. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण स्पर्धा कमी झाली की भाव करण्याची ताकदही कमी होते.

अडचण येते ती विलंबाच्या दंडात. सरकारी करारांत सर्रास दिसणारं कलम असं असतं: उशिराच्या दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त दहा टक्के. वीस आठवडे गेले की दंड संपतो. त्यानंतर खरेदीदाराच्या हाती करार रद्द करण्याची धमकी तेवढी उरते, आणि हवामान खात्याला ती वापरता येत नाही, कारण नवी निविदा म्हणजे आणखी दोन वर्षं. या प्रकरणात जून 2023 मध्ये तेव्हाचे पृथ्वी विज्ञान मंत्री किरेन रिजिजू यांनी 18 पेटाफ्लॉपची यंत्रणा त्याच वर्षात येईल असं सांगितलं होतं. तेव्हा सुमारे 900 कोटींचा आकडा पुढे होता. प्रत्यक्षात लोकार्पण सप्टेंबर 2024 मध्ये झालं. क्षमता सांगितल्यापेक्षा वाढली आणि खर्च थोडा कमी झाला, ही जमेची बाजू. पण मधल्या काळात 2024 चा अख्खा मान्सून जुन्या यंत्रावर गेला. शेतीसाठी, धरणांच्या पाण्यासाठी, घाटातल्या गावांसाठी एका मान्सूनची किंमत विलंबाच्या दंडाच्या कोष्टकात कुठेच बसत नाही. माझ्या मते विलंबाची मर्यादा आठवड्यांत न धरता ऋतूवर बांधायला हवी: 1 जूनच्या आत यंत्र चालू झालं नाही तर दंडाचा टप्पाच वेगळा.

आणि मार्च आहेच. 31 मार्चच्या आत खर्च न झालेली रक्कम परत जाते. यंत्र बंदरावर अडकलं आणि वर्ष उलटलं तर सुधारित अंदाजपत्रकात पुन्हा जागा शोधावी लागते. बहुवार्षिक कार्यक्रमात याची सोय होऊ शकते, आणि म्हणूनच मी सुट्या प्रकल्पाच्या विरोधात आहे.

इतरांनी काय केलं

ब्रिटनच्या हवामान खात्याने 2021 मध्ये यंत्र विकत घेण्याऐवजी मायक्रोसॉफ्टशी दहा वर्षांच्या सेवेचा करार केला. एकूण गुंतवणूक 120 कोटी पौंडांची. 2022 मध्ये सुरू व्हायची ती यंत्रणा रोजच्या कामाला लागायला 2025 उजाडलं. वाटेत निविदेत हरलेली अ‍ॅटोस न्यायालयात गेली आणि सरकारने 2 कोटी 40 लाख पौंड देऊन तडजोड केली. निविदेच्या मूल्यमापनात प्रत्येक गुण कुठे दिला आणि का दिला याची नोंद किती काटेकोर हवी, याचं इतकं महाग उदाहरण दुसरं सापडणार नाही.

अमेरिकेची पद्धत मला आपल्याला जास्त जवळची वाटते. तिथे हवामान सेवेसाठी 12.1 पेटाफ्लॉपची दोन एकसारखी यंत्रं आहेत, एक व्हर्जिनियातल्या मनासासला, दुसरं अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला. जून 2022 पासून ती कामाला आहेत. सरकारने यंत्राची मालकी घेतलेली नाही. आठ वर्षांचा मूळ करार, पुढे दोन वर्षांची मुभा, आणि 99.9 टक्के वेळ यंत्रणा उपलब्ध हवी ही अट. एक यंत्र अंदाजाचं रोजचं काम करतं, दुसरं तयार राहतं आणि विकासाची कामं पार पाडतं. पहिलं बंद पडलं तर काही मिनिटांत दुसऱ्याकडे जाता येतं.

आपल्याकडे पुणे आणि नोएडा अशी दोन ठिकाणं आहेत, यंत्रं एकाच घराण्यातली आहेत, म्हणजे निम्मी तयारी झालेलीच आहे. पण दोघांची कामं वेगळी वाढली. पुण्यात संशोधन आणि हवामान विभागाचं जागतिक मॉडेल, नोएडात त्यांचं स्वतःचं मॉडेल. दोन्हीकडे संशोधकांची रांग आणि रोजचा अंदाज एकाच यंत्रावर. चक्रीवादळ आलं की संशोधनाची कामं थांबवावी लागतात. ते बरोबरच आहे, पण पुढच्या मॉडेलची सुधारणा त्या संशोधनातूनच येत असते. दोन्ही यंत्रांवर रोजच्या अंदाजाचा हिस्सा राखून ठेवणं आणि एकाचं काम दुसऱ्याने उचलण्याचा सराव वर्षातून ठरवून करणं, एवढं तरी करारात आणि कार्यपद्धतीत पक्कं असायला हवं.

यंत्र आल्यानंतरचे महिने

रॅक येऊन उभे राहिले की लोकांना वाटतं काम झालं. खरं कष्टाचं काम तिथून सुरू होतं.

‘प्रत्यूष’मध्ये इंटेलचे प्रोसेसर आणि क्रेचं स्वतःचं जोडणीजाळं होतं. ‘अर्का’मध्ये एएमडीचे प्रोसेसर, इन्फिनिबँडची जोडणी, वेगळा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली. फोरट्रान या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेला लाखो ओळींचा कोड नव्या कंपायलरने पुन्हा बांधायचा. बांधून झाला की तो चालतो, पण निकाल शेवटच्या दशांशापर्यंत जुळत नाहीत, कारण बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचा अंक बदलतो आणि हवामानाच्या समीकरणांत तो अंक काही दिवसांत मोठा होतो. मग हा फरक निरुपद्रवी आहे की कुठे खरी चूक दडली आहे, हे ठरवायला जुनी आणि नवी दोन्ही यंत्रं काही महिने समांतर चालवावी लागतात. पावसाळा, हिवाळा, एखादं चक्रीवादळ असे वेगवेगळे ऋतू तपासावे लागतात. या काळात दोन्ही यंत्रांचं वीजबिल भरायचं असतं आणि जुन्याचा देखभाल करार वाढवायचा असतो. हा खर्च मूळ प्रस्तावात नसेल तर समांतर चाचणी आखडती घेतली जाते.

विजेचा आकडा लहान नाही. ‘प्रत्यूष’ एकट्याला सुमारे 1.35 मेगावॉट लागत. वर्षभराचे सुमारे 1.18 कोटी युनिट, तेही थंडावा न धरता. ‘अर्का’ ज्या प्रकारचा आहे त्यात पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढतात, आणि ते पाणी कोमटसर असलं तरी चालतं. त्यामुळे चिलरवरचा भार हलका होतो, पण नळाची नवी व्यवस्था, पाण्याची शुद्धता आणि गळती ओळखणारी साधनं हे सगळं नव्याने येतं. मे महिन्यातल्या पुण्यात दुपारी वीज खेचली तर यूपीएस आणि डीजी सेट यांच्यात सेकंदाची फट राहता कामा नये. राहिली तर चार तासांचं गणित पहिल्यापासून.

साठवण हाही यंत्राचाच भाग आहे. ‘अर्का’कडे 33 पेटाबाइट (एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट), ‘अरुणिका’कडे 24. जाळी बारीक झाली की उत्तरंही तितकीच फुगतात, आणि ती वेळेत तबकड्यांवर उतरली नाहीत तर प्रोसेसर वाट पाहत बसतात.

आणि निरीक्षणं. 6 किलोमीटरच्या जाळीला सुरुवातीची स्थिती तितक्याच बारकाईने मिळाली नाही तर मॉडेल चुकीच्या आरंभापासून फार सफाईने पुढे जातं. ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ जाहीर झाली तेव्हा देशात पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपणारे 40 डॉप्लर रडार होते आणि ते 100 वर न्यायचं ठरलं होतं. सप्टेंबर 2024 मध्येच मंत्रिमंडळाने 2,000 कोटींचं ‘मिशन मौसम’ मंजूर केलं, त्यात निरीक्षणांवर भर आहे. रडार आणि महासंगणक यांची वेळापत्रकं एकाच तक्त्यावर असायला हवीत, इतकं हे एकमेकांत गुंतलेलं आहे.

यंत्र ठरवलं गेलं आणि ते येऊन बसलं, या दरम्यान या विषयातच एक मोठी घडामोड झाली. 2023 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची अंदाज-मॉडेल पारंपरिक मॉडेलच्या तोडीचे निकाल देऊ लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये युरोपच्या केंद्राने असं मॉडेल रोजच्या कामात घेतलं. त्याच वर्षी आपल्या कृषी मंत्रालयाने मान्सूनच्या आगमनाचा असा अंदाज 13 राज्यांतल्या सुमारे 3.8 कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवला. 22 पैकी 1.9 पेटाफ्लॉप या कामाला, हे प्रमाण खरेदीच्या वेळी समंजस होतं. आज ते अपुरं आहे. यासाठी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, पण करारात अधल्यामधल्या विस्ताराची मुभा ठेवली असेल तर तीन वर्षांनी वेगळ्या प्रकारचे नोड त्याच जाळ्यात जोडता येतात. पाच वर्षांचं सगळं सामान पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं ही सवय सोडायला हवी.

पुढची फाईल

6 वरून 3 किलोमीटरवर जायचं म्हटलं तर त्याच हिशेबाने पुन्हा आठपट, म्हणजे पावणेदोनशे पेटाफ्लॉपच्या घरात. आजच्या पद्धतीचे प्रोसेसर वाढवत तिथे पोहोचणं विजेच्या दृष्टीने परवडणार नाही. एकाच वेळी हजारो छोटी गणितं करणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरचा आधार घ्यावा लागेल, आणि त्यासाठी मॉडेलचा कोड मोठ्या प्रमाणात पुन्हा लिहावा लागेल. हे काम निविदेच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवं, कारण त्याला पैशांपेक्षा माणसं आणि वर्षं लागतात. फोरट्रान, वातावरणाचं भौतिकशास्त्र आणि ग्राफिक्स प्रोसेसर तिन्ही जाणणारी मुलं पुण्यात घडतात आणि खासगी कंपन्यांत जातात. त्यांना पाच-सात वर्षं थांबवून ठेवणारी पदं हा खरेदी कार्यक्रमाचाच खर्च म्हणून दाखवावा.

तारखा उलट मोजून पाहू. 2030 चा मान्सून नव्या यंत्रावर हवा असेल तर 2029 चा मान्सून समांतर चाचणीत जायला हवा. म्हणजे यंत्र 2029 च्या मार्च-एप्रिलपर्यंत पुण्यात आणि नोएडात उभं हवं. उत्पादन, वाहतूक आणि जुळणी यांना वर्षभर धरलं तर ऑर्डर 2028 च्या सुरुवातीला. निविदा, तांत्रिक चाचण्या, हरकती यांना वर्ष-सव्वा वर्ष, म्हणजे निविदा 2026 च्या अखेरीस बाहेर. त्याआधी खर्च वित्त समितीची मंजुरी, आणि तिच्याआधी गरजेचं टिपण. हे टिपण याच वर्षी लिहायला घ्यावं लागेल. पाषाणच्या आवारात त्यासाठी विजेचा नवा फीडर लागणार असेल, तर महावितरणकडचा अर्ज त्या टिपणासोबतच तयार ठेवावा.